नाकावरची लाली आणि ‘मी’ची ओळख

आरशात दिसतंय ते आपणच, हे मुलाला कधी कळतं? ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली चाचणी अगदी साधी आहे. मुलाच्या नाकावर नकळत लाली लावायची आणि त्याला आरशासमोर आणायचं. हात स्वतःच्या नाकाकडे गेला तर ओळख पटली. बहुतेक मुलांना हे १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान जमतं. त्याआधी ती आरशातल्या बाळाकडे बघून हसतात, नाहीतर आरशामागे डोकावतात.

चाचणी बिघडते ती तपशिलात. लाली ओली किंवा वासाची असेल, तर हात आरशाशिवायही नाकाकडे जातो. म्हणून ती नाक पुसण्याच्या निमित्तानं लावायची आणि आधी थोडा वेळ आरशाविना मुलाकडे लक्ष ठेवायचं. आपल्याकडे आणखी एक अडचण येऊ शकते. गालावर रोज काजळाची तीट लागत असेल, तर डाग दिसूनही तो पुसावा असं मुलाला का वाटेल? केनियातल्या एका अभ्यासात दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांपैकी फक्त दोघांनी डागाला हात लावला. बाकीची बहुतेक आरशासमोर नुसती स्तब्ध उभी राहिली. सहा वर्षांच्या मुलाला ‘मी’ कळत नाही, असा अर्थ यातून काढणं साफ चूक ठरेल.

शरीराची जाण तर आरशाच्या कितीतरी आधीची. दुसऱ्याचं बोट गालाला लागलं की नवजात बाळ तोंड तिकडे वळवतं. स्वतःचाच हात लागला तर तसं बरंच कमी वेळा करतं.

‘काल होतो तोच मी आज आहे’ ही जाणीव मात्र उशिरा येते. डॅनियल पोविनेली यांच्या १९९६ च्या प्रयोगात खेळता खेळता मुलांच्या डोक्यावर गुपचूप स्टिकर चिकटवला आणि काही मिनिटांनी त्याचं चित्रण त्यांना दाखवलं. दोन-तीन वर्षांच्या बहुतेकांनी डोक्याला हात लावला नाही, चार वर्षांच्या बहुतेकांनी लावला. विशेष म्हणजे पडद्यावर कोण आहे हे विचारल्यावर लहानग्यांपैकी अनेकांनी स्वतःचं नाव बरोबर सांगितलं होतं!

पुढे शाळेत तुलना सुरू होते: मी त्याच्यापेक्षा जोरात पळतो, गणितात मागे पडतो. किशोरवयात मात्र हे वर्णन आतूनच दुभंगतं. घरी चिडका, मित्रांत हसरा, वर्गात गप्प. यातला खरा कोणता? सुसान हार्टर यांच्या अभ्यासात ही ओढाताण साधारण १४-१५ व्या वर्षी सर्वाधिक आढळली, आणि १६-१७ पर्यंत ती काहीशी निवळली होती. ओढाताणीच्या त्या वयात ‘तू नक्की कसा आहेस?’ असं खोदून विचारलं, तर मुलाकडे एकच उत्तर नसतं.