समकालीन कादंबरीतलं आईपण

समकालीन कादंबरीत आईपण हा मोठा विषय झाला तो मुख्यतः एका बदलामुळे, गोष्ट आता आई स्वतः सांगायला लागली. आधी आई दिसायची ती बहुतेक वेळा मुलाच्या नजरेतून, वाट बघणारी, त्याग करणारी, नाहीतर लवकर मरून जाणारी, आणि तिच्या मनात काय चाललंय ते फारसं कोणी विचारायचंच नाही.

या विषयावर बोलताना एड्रिअन रिच यांचं १९७६ चं 'ऑफ वुमन बॉर्न' हे वैचारिक पुस्तक हमखास निघतं. आई असण्याचा अनुभव वेगळा आणि समाजाने त्याभोवती उभी केलेली व्यवस्था वेगळी, असं त्यांनी मांडलं. मराठीत 'आईपण' आणि 'मातृत्व' हे शब्द शेजारी ठेवून बघा, एक रोज निभवावं लागतं, दुसऱ्याचा गौरव होतो.

टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' (१९८७) मला यातली सगळ्यात कठीण कादंबरी वाटते. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळालेली सेथ, पकडायला माणसं येतात तेव्हा लेकीला स्वतःच्या हाताने मारते, कारण तिला परत तिथे जाऊ द्यायचं नसतं. यामागे मार्गारेट गार्नर या स्त्रीची १८५६ ची खरी घटना आहे. जिथे कायद्यानेच मूल मालकाचं ठरतं तिथे 'हे मूल माझं' म्हणणंसुद्धा बंड असतं, त्यामुळे सेथला चांगली आई की वाईट आई असं मोजताच येत नाही.

एलेना फेरान्ते यांच्या 'द लॉस्ट डॉटर' (मूळ इटालियन, २००६) मधली लेडा दोन लहान मुलींना सोडून तीन वर्षं निघून जाते आणि परत येते. मुलींवर प्रेम आहे आणि जीव गुदमरतोय, दोन्ही एकदमच खरं, आणि लेखिका तिला शिक्षाही देत नाही, माफीही नाही. हे लिहायला फार धाडस लागतं.

मूल हवं की नको हा प्रश्नही यातच येतो, शीला हेटी यांची 'मदरहूड' (२०१८) जवळजवळ सगळी त्यावरच आहे. मेक्सिकोच्या ग्वादालुपे नेत्तेल यांच्या २०२० च्या कादंबरीतली लॉरा तर मूल नको म्हणून ऑपरेशन करून घेते, आणि पुढे शेजारणीच्या मुलाचं हळूहळू तीच बघायला लागते.