फॉरमॅट मारला, पण पुसलं काय?

जुना लॅपटॉप विकताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काळजी नको, फॉरमॅट मारून, नवीन विंडोज टाकून दिलाय." प्रत्यक्षात बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट झालेला असतो. लग्नाचे फोटो, आधारची स्कॅन प्रत, बँकेची स्टेटमेंट्स आपण 'सुरक्षित राहावीत' म्हणून डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली असतात. ती तिथेच राहतात आणि नव्या मालकाला दोन क्लिकमध्ये उघडता येतात.

बरं, सी ड्राइव्हवरचं तरी गेलं का? सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतातलं उभं पीक नाहीसं होत नाही. डिस्कचंही तसंच आहे. कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याची नोंद एका तक्त्यात असते. फाइल डिलीट केली की त्या नोंदीवर 'ही जागा मोकळी' एवढाच शेरा पडतो. क्विक फॉरमॅट तर जुना तक्ता बाजूला सारून नवा कोरा तक्ता मांडतो. मूळ मजकूर दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत जागच्या जागी असतो. नव्या विंडोजने 25 जीबी जागा घेतली असं धरलं, तर 500 जीबीच्या डिस्कचा विसावा भागच नव्याने लिहिला जातो. उरलेल्या भागातलं बरंच काही फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही परत येतं.

अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी 158 वापरलेल्या डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. 2003 साली त्यांनी निष्कर्ष मांडले. चालू स्थितीतल्या 129 डिस्कपैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त 12! बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले, लोकांच्या आजारपणाची माहिती सापडली. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातली दिसत होती.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर उपाय सोपा आहे. सगळ्या डिस्कवर एकदा शून्यं लिहायची. विंडोज व्हिस्टापासून पुढे 'क्विक'ची खूण काढून केलेला फॉरमॅट हेच करतो. एक्सपीमधला पूर्ण फॉरमॅट मात्र फक्त खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बिघडलेले छोटे भाग, शोधायचा. 35 वेळा पुसण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याचं मूळ संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांच्या 1996 सालच्या शोधनिबंधात आहे, पण तो तेव्हाच्या निरनिराळ्या डिस्कसाठी होता. आजच्या डिस्कवर तेवढा खटाटोप निरर्थक आहे, हे गटमन यांनीच पुढे स्पष्ट केलं. एक फेरा पुरतो. सेकंदाला 100 एमबी वेगाने 500 जीबीला दीड तासाच्या आतच वेळ लागतो.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये मजकूर साठवणाऱ्या ड्राइव्हची, तऱ्हा वेगळी. तिच्यात लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही; आधी तो आख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्यागणिक मजकूर साठवणाऱ्या चिपमधल्या सूक्ष्म पेशी झिजतात. म्हणून आतला कंट्रोलर नवा मजकूर दुसऱ्याच पेशींत नेऊन ठेवतो. आपल्याला वाटतं जुन्यावर लिहिलं, पण जुनी प्रत कुठेतरी शिल्लक राहू शकते. इथे कंपनीने ड्राइव्हमध्येच दिलेली 'सिक्युअर इरेज' आज्ञा वापरावी. माझ्या मते त्याहून चांगला मार्ग म्हणजे संगणक घेतल्याच दिवशी डिस्क एन्क्रिप्ट करणे, म्हणजे गुप्त डिजिटल किल्लीशिवाय मजकूर वाचता येणार नाही असं करणे. मग विकताना किल्ली नष्ट केली की मागे उरतो तो निव्वळ अगम्य आकड्यांचा ढीग.

विंडोजच्या 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं तरी तेवढ्यावर थांबू नका. 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा आणि सगळे ड्राइव्ह पुसायला सांगा. त्याआधी हवं ते दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि तिथून दोन-चार फाइल उघडूनही पाहा.

बंद पडलेली डिस्क भंगारात देताना तर जास्तच जपा. तिचं सर्किट जळालं असलं तरी तबकड्यांवरचा मजकूर शाबूत असू शकतो, आणि अशा डिस्कवर शून्यं लिहायची सोय उरलेली नसते. डोळ्यांना चष्मा लावून तबकड्यांच्या आरपार ड्रिलने चार-पाच भोकं पाडा, मगच ती भंगारवाल्याकडे द्या.