वॉलआयच्या गळाला सॅमनचा गोळा

उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांपैकी ईरी सरोवरात भर उन्हाळ्यात वॉलआय मासा धरायला निघालेल्या बोटीच्या मागच्या कडेला एक छोटी चरखी बसवलेली असते. तिच्यावरून पोलादी तार खाली जाते, तारेच्या टोकाला चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा असतो आणि गोळ्याजवळच्या चिमट्यात गळाच्या काठीचे तंगूस अडकवलेले असते. मासा लागला की चिमटा तंगूस सोडतो, गोळा जागच्या जागी राहतो आणि माणसाच्या हाती केवळ माशाची ओढ उरते. डाउनरिगर नावाची ही व्यवस्था वॉलआयसाठी घडलेली नाही, आणि ती लावताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

पॅसिफिक किनाऱ्यावरील व्यावसायिक सॅमनमार बोटी जड शिसे बांधलेल्या तारा चरखीवर गुंडाळत आणि गळ थेट तारेलाच टांगत. पंचमहासरोवरांत या कल्पनेची गरज पुढे वेगळ्याच कारणाने निर्माण झाली. ओंटारिओ आणि ईरी सरोवरांना जोडणाऱ्या वेलंड कालव्याच्या वाटेने वर शिरलेल्या, माशांचे रक्त शोषणाऱ्या सागरी लॅम्प्रेने आणि बेसुमार मासेमारीने तिथला लेक ट्राउट हा शिकारी मासा संपत आणला. खाणारा कोणी न उरल्याने अ‍ॅलवाइफ नावाची छोटी मासळी इतकी माजली की 1967 च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यांवर मेलेल्या अ‍ॅलवाइफचे ढीग साचले. त्याआधीच्या वर्षी मिशिगन राज्याचे मत्स्यविभागप्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने ओरेगनमधून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेली कोहो सॅमनची पिल्ले नद्यांत सोडली गेली होती. हा सॅमन उन्हाळ्यात थंड पाण्यासाठी खोल उतरू लागला, तसा हौशी मासेमारांमध्ये डाउनरिगरचा प्रसार झाला.

ईरीची गोष्ट निराळी आहे. त्याचे पश्चिम खोरे सरासरी सात-साडेसात मीटरच खोल आहे. 1970 साली माशांत पारा आढळल्याने मासेमारीवर बंदी आली, आणि ओहायोने तर आपल्या पाण्यात वॉलआयची व्यावसायिक मासेमारी पुन्हा सुरूच होऊ दिली नाही. त्याच दशकाच्या अखेरीस वॉलआय झपाट्याने वाढला, तेव्हा लोक बोट वाऱ्यावर सोडून गळ फेकत, आणि त्या उथळ पाण्यात तेवढे पुरतही असे. मात्र उन्हाळ्यात यांतील बरेच मासे पूर्वेकडच्या खोल, थंड पाण्यात जातात. शिवाय 1988 नंतर झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केले आणि मंद उजेडात शिकार करणाऱ्या या माशाला गाठायला खोली महत्त्वाची ठरली. तेव्हा सॅमनचे साधन वॉलआयच्या बोटींवरही दिसू लागले.

गोळ्याचा प्रश्न फारसा नव्हता. बोट ताशी तीन-चार किलोमीटरने चालते, त्यामुळे तार थोडी मागे कलते आणि चरखीवरची मोजणी दाखवते त्यापेक्षा गोळा जरा वर राहतो, एवढे ध्यानात ठेवले की झाले. खरी अडचण चिमट्याची होती. सॅमन आमिषावर झडप घालून सुसाट पळतो, म्हणून त्याच्यासाठी चिमटा घट्ट लावत. वॉलआय बहुधा आमिष तोंडात धरून बोटीबरोबर नुसता येत राहतो, आणि पिल्लू असेल तर घट्ट चिमटा हलतसुद्धा नाही. म्हणून कोणी तंगुसाला बारीक रबरबँडचा वेढा घालून तो चिमट्यात धरू लागले, म्हणजे झटक्यासरशी रबर तुटावे. कोणी मऊ रबरी जबड्यांच्या चिमट्यात तंगूस अगदी कडेला धरले, कारण जितके आत, तितकी पकड घट्ट. माझ्या मते दुसरी पद्धत बरी, कारण तंगुसावर रबराचे तुकडे उरत नाहीत.

चिमट्यापासून आमिषापर्यंतचे अंतरही बदलले. खोल पाण्यातल्या सॅमनसाठी पाच-सात मीटर अनेकदा पुरत, तर गोळ्याच्या खडखडाटाला बुजणाऱ्या वॉलआयसाठी वीस-तीस मीटर सोडावे लागतात. हा मासा वरच्या बाजूला पाहतो, म्हणून आमिष त्याच्या थोडे वर ठेवतात. तंगूस चिमट्यात अडकवल्यावर रीळ फिरवून काठी धनुष्यासारखी वाकवतात, म्हणजे चिमटा सुटताच ढील आपोआप खेचली जाते. एवढे करूनही जाणते मासेमार अधूनमधून काठीच्या शेंड्याकडे निरखून पाहतात, कारण तिथली बारीकशी थरथर म्हणजे वीतभर पिल्लू अर्ध्या तासापासून गोळ्यामागे फरफटत असल्याची खूण असू शकते.