टांकसाळदोष (नाण्यांवरील)

नाणे पाडताना टांकसाळीतच राहून गेलेला दोष. वापरात झिजून, ठेचून किंवा कोणी मुद्दाम ठोकून उमटलेल्या खुणा यात येत नाहीत. ती नंतरची इजा. छाप उमटताना धातू दाबाखाली पसरतो, नंतरच्या घावाने तो नुसता चेपतो किंवा खरवडला जातो. पारख यावरच होते.

हाताने ठोकलेल्या नाण्यांत आधी त्या काळची रीत माहीत हवी. शिवराईची तांब्याची चकती बहुधा ठशापेक्षा, म्हणजे छाप उमटवणाऱ्या कोरीव साच्यापेक्षा, लहान असे, म्हणून ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यांतले एखादे अक्षर चकतीबाहेर जाई. अशा शिवराया विपुल आहेत. त्यांना दुर्मिळ चूक म्हणून चढा भाव सांगणे ही गिऱ्हाइकाची फसवणूकच होय.

खरा आणि देखणा दोष म्हणजे उलटी छाप. आधीचे नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले, की पुढच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र येते : खाली उठावदार, वर तेच खोलगट आणि आरशात दिसावे तसे. दोन नाणी शेगड्यात (वस्तू आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीत) दाबून याची नक्कल करतात. तिथे उलटी अक्षरे मूळ चित्रावर चढलेली दिसतात आणि ते चित्र खालून डोकावत राहते. खऱ्या पूर्ण उलट्या छापेत त्या बाजूला मूळ चित्र उमटलेलेच नसते.

यंत्रावरच्या नाण्यांत, उदा. १८३५ पासूनच्या कंपनी सरकारच्या रुपयात, भिंग आणि काटा दोन्ही लागतात. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर रेघ उंच उठते. ओरखडा खोल जातो आणि त्याच्या कडेला धातूची वळी साचते. ठशात वंगण-मळ साचून अक्षर पुसट आले, तर वजन पूर्ण, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम भरते. घासून काढलेल्या अक्षराजागी बारीक चरे दिसतात. पत्र्यातून चकती कापतानाच कड तुटली असेल, तर बहुधा तिच्या बरोबर समोरची किनारही कच्ची उमटते. कानशीने कापलेल्या नाण्यात ती शाबूत असते.

दागिन्यात ओवलेल्या नाण्यांवरचे भोक, कडी जोडल्याचा डाख, ही सरळ इजाच. सराफांनी चांदी पारखताना मारलेले छोटे ठोकेही तांत्रिकदृष्ट्या इजाच ठरतात; पण नाणे कोणाकोणाच्या हाती तपासले गेले याचा तो पुरावा आहे, आणि ते घासून मिटवणे हे नाण्याचे खरे नुकसान.