मिंगड न कळताही पूर्ण गुण

आधी हा छोटा उतारा वाचा.

‘संध्याकाळी रवी टोरक घेऊन घराकडे निघाला. वाटेत त्याला मिंगड दिसला. तो घाबरून चुसला आणि मागे न बघता थेट गुरपात शिरला.’

आता प्रश्न. रवी काय घेऊन निघाला? टोरक. वाटेत त्याला काय दिसलं? मिंगड. शेवटी तो कुठे शिरला? गुरपात. तीनपैकी तीन गुण! मिंगड हा प्राणी आहे, माणूस आहे की भूत, हे मात्र तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही, कारण ते चारही शब्द मी आत्ताच बनवले.

इंग्रजी शिकणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पाठ्यपुस्तकातला उतारा अनेकदा असाच दिसतो आणि त्याखालचे प्रश्नही अनेकदा याच जातीचे असतात. म्हणून या वयासाठी वाचन-लेखनाचं साहित्य तयार करणारे संशोधक ‘समजलं का?’ला आलेलं ‘हो’ जमेस धरत नाहीत. त्या ‘हो’च्या मागे काय दडलंय ते उकरून काढण्यातच त्यांचा बराचसा वेळ जातो.

वरच्या उताऱ्यात वीस शब्द आहेत, त्यातले चार बनावट. म्हणजे ८० टक्के शब्द ओळखीचे. ऐकायला हा आकडा भरघोस वाटतो. हू आणि पॉल नेशन या दोन संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जवळपास हाच खेळ इंग्रजीत केला होता. गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि त्यांचं प्रमाण गटागणिक बदललं. ८० टक्के शब्द ओळखीचे असलेल्या गटात एकालाही गोष्ट पुरेशी उमगली नाही. कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर साधारण ९८ टक्के शब्द माहीत हवेत, असा अंदाज त्यांनी काढला. पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी!

किशोरवयातली खरी अडचण इथेच आहे. परक्या भाषेतला शब्दसाठा लहान मुलाचा, पण डोकं चौदा वर्षांचं. त्याला मैत्री, अन्याय, प्रेम, मृत्यू यांबद्दल वाचायचं असतं आणि सोप्या शब्दांच्या नावाखाली हातात पडते सशाची गोष्ट. ती तो वाचतो, प्रश्नांची उत्तरंही देतो आणि पुस्तक मिटतो ते कायमचं.

मग मोठ्यांचा मजकूर सोपा करायचा, हा उघड उपाय. सोपेपणा मोजायला सूत्रं आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८चं सूत्र आजही वापरात आहे. वाक्यं किती लांब आणि शब्दांत उच्चाराचे तुकडे (सिलॅबल) किती, एवढ्यावर ते गुण देतं. आता गंमत बघा. ‘पाऊस आला म्हणून सामना थांबला’ हे एक वाक्य तोडून ‘पाऊस आला. सामना थांबला.’ अशी दोन केली, की असल्या सूत्राच्या हिशेबात मजकूर सोपा होतो. पण ‘म्हणून’ गेलं आणि दोन घटनांना बांधणारी दोरीच सुटली. विषयाची माहिती असलेला वाचक ती मनात बांधून घेतो. ज्याला माहिती नाही त्याच्यासाठी मजकूर उलट अवघड होऊन बसतो. मला विचाराल तर सूत्राचा आकडा ताप मोजण्यापुरता बरा, त्यावरून औषध ठरवू नये.

माहितीचं वजन किती असतं हे रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८च्या प्रयोगात फार छान दिसतं. त्यांनी ६४ शाळकरी किशोरांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. शेजारी मैदानाची छोटी प्रतिकृती आणि लाकडी खेळाडू. जे वाचलं ते खेळाडू हलवून दाखवायचं आणि सांगायचं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं इथे वाचनात तरबेज, पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. म्हणूनच साहित्य तयार करण्याआधीच्या गरजांच्या पाहणीत फक्त ‘किती शब्द येतात’ एवढंच विचारणं अपुरं ठरतं. मुलांना कशाकशाची माहिती आहे, हेही शोधावं लागतं.

ही पाहणी बहुधा प्रश्नावलीने होते आणि तिथे पुन्हा तोच ‘हो’ आडवा येतो. ‘हा विषय आवडेल का?’ असं शिक्षकांच्या देखत विचारलं तर बहुतेक मुलं भिडेखातर हो म्हणतात. त्यापेक्षा दहा उतारे टेबलावर ठेवावेत आणि मुलं कोणता उचलतात, कुठल्या पानावर सोडून देतात, ते गुपचूप टिपावं.

उतारा तयार झाला की तो मुलांवर तपासायचा. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सुचवलेली ‘क्लोझ’ चाचणी स्वस्त आणि फसवायला कठीण आहे. मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि मुलांनी रिकाम्या जागा भरायच्या. मिंगडवाला उतारा असा तपासला असता तर पितळ लगेच उघडं पडलं असतं. मिंगडाशेजारची रिकामी जागा भरायची तरी कशाच्या आधाराने?

दुसरी पद्धत आणखी साधी. मुलाला वाचता वाचता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं, हवं तर मातृभाषेत, आणि ते रेकॉर्ड करायचं. ‘ही कोण? मगाचची की दुसरी?’ असं चार-पाच मुलं एकाच वाक्यावर म्हणाली, तर दोष मुलांचा नाही, त्या सर्वनामाचा आहे. वाक्य बदलायचं, नव्या मुलांना द्यायचं, पुन्हा ऐकायचं. हे चक्र तीन-चारदा फिरतं. तज्ज्ञांची मतंही घेतात, पण तज्ज्ञांना इंग्रजी येतं, ही त्यांची मोठी गैरसोय.

लेखनाच्या बाबतीत मोजपट्टीच डळमळीत असते. स्टार्च आणि एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. गुण आले ६४ पासून ९८ पर्यंत! नवं साहित्य वापरून मुलांचं लेखन सुधारलं, असं म्हणायचं तर आधी हा घोळ निस्तरावा लागतो. आशय, मांडणी, शब्द, व्याकरण यांना वेगवेगळे गुण ठरवायचे. प्रत्येक लेख दोघांनी एकमेकांचे गुण न बघता तपासायचा. लेख साहित्य वापरण्याआधीचा की नंतरचा, हेही त्यांना कळू द्यायचं नाही.

तरीही तपासला जातो तो पुरा झालेला लेख; तो लिहिला कसा, ते दिसत नाही. जेनेट एमिग यांनी १९७१च्या आपल्या अभ्यासात बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना लिहिता लिहिता मोठ्याने विचार करायला लावलं. शिक्षक सांगत होते, आधी आराखडा करा, मग लिहा. मुलं सहसा तसं करतच नव्हती. शाळेने नेमून दिलेलं लिखाण ती फारसा विचार न करता सुरू करत आणि क्वचितच सुधारत. स्वतःच्या मनाने लिहायला घेतलेल्या मजकुरावर मात्र जास्त वेळ रेंगाळत, परत परत खाडाखोड करत.