खारवणं, वाळवणं, आंबवणं: कृती येते, पण कारण माहितीये का?

१८१० साली निकोला अपेर या फ्रेंच माणसाला सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवायची, ही त्याची पद्धत आणि ती चालायची. का चालते ते मात्र कुणालाच नीट माहीत नव्हतं, गे-ल्युसॅक सारखा मोठा शास्त्रज्ञ म्हणाला की आत ऑक्सिजन राहत नाही म्हणून अन्न टिकतं. पाश्चरचं सूक्ष्मजीवांवरचं काम यायला अजून जवळजवळ ५० वर्षं होती.

कृती बरोबर आणि कारण चुकीचं, हे अन्न टिकवायच्या सगळ्या जुन्या पद्धतींत दिसतं. जशीच्या तशी कृती केली तर फरक पडत नाही, पण आपण मीठ कमी करतो, व्हिनेगर अर्धं घालतो, उन्हाऐवजी ओव्हन वापरतो, आणि नेमक्या त्यावेळी कारण माहीत असावं लागतं. म्हणून मला वाटतं हा विषय नुसता वाचून येत नाही आणि नुसता करूनही येत नाही.

आधी पाण्याचं बघू. अन्नात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी सूक्ष्मजीवांच्या हाती लागतं हे महत्त्वाचं, याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १.००. साधारण ०.९१ च्या खाली अन्न नासवणारे बहुतेक बॅक्टेरिया थांबतात, स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र ०.८६ पर्यंत तग धरतो, बुरश्या त्याच्याही खाली जातात आणि ०.६० खाली कुणीच वाढत नाही. जॅममध्ये जवळपास एक तृतीयांश पाणी असूनही तो टिकतो कारण साखरेने ते पाणी धरून ठेवलेलं असतं, मीठही तेच करतं. पण वाढत नाहीत म्हणजे मेले असं नाही हां, वाळवलेल्या पदार्थाला ओल लागली की ते परत कामाला लागतात.

आता हाताने करायचं. शिकायला सगळ्यात चांगला प्रयोग म्हणजे कोबी आणि मीठ. कोबी बारीक चिरा, वजन करा आणि वजनाच्या २ टक्के मीठ घाला, म्हणजे किलोला २० ग्रॅम, आणि कृपा करून चमच्याने मोजू नका, बारीक आणि जाड मिठाच्या चमच्यात वजनाचा बराच फरक पडतो. चोळत राहिलं की कोबी मऊ पडतो आणि हाताखाली पाणी सुटायला लागतं, पुस्तकात वाचलेलं ऑस्मोसिस ते हेच. सगळा कोबी त्या खाऱ्या पाण्याखाली दाबून बरणीत ठेवायचा, वर तरंगणाऱ्या तुकड्याला हवा मिळते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. झाकण गॅस बाहेर पडेल असं ठेवा. १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान छान.

पहिले काही दिवस बुडबुडे येतात ते ल्युकोनोस्टॉक नावाच्या बॅक्टेरियाचे, तो आम्लं बनवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडून उरलासुरला ऑक्सिजन हाकलतो. पण आम्लता वाढली की त्यालाच ती सोसत नाही आणि लॅक्टोबॅसिलस प्लांटारम पुढचं काम हातात घेतो. रोज पीएच स्ट्रिप (आम्लता मोजायची कागदी पट्टी, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) बुडवा आणि चवही बघा. ६ च्या आसपासचा आकडा ४ च्या खाली येताना जिभेला काय काय जाणवतं हे कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. जमलं तर दुसरी बरणी ३ टक्के मिठाची लावा, वेग, कुरकुरीतपणा, चव सगळं वेगळं निघतं आणि आपण नक्की काय बदलतोय ते डोळ्यांसमोर दिसतं.

आता परत ऑक्सिजनवर येऊ, कारण तिथेच सगळ्यात मोठा धोका आहे. हवा नसली की अन्न सुरक्षित, हा समज अजूनही आहे, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या बॅक्टेरियाला हवा नसलेली जागाच हवी असते. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची सुप्त रूपं, १०० अंशाच्या उकळीत मरत नाहीत, त्यासाठी प्रेशरखाली १२१ अंश लागतात, आणि त्याच्या विषाला ना वास ना चव, त्यामुळे इथे हाताचा अनुभव काहीच सांगू शकत नाही. त्याला अडवते ती आम्लता, ४.६ पीएचच्या खाली तो वाढत नाही. आपला कोबी हवा नसतानाही सुरक्षित असतो तो यामुळेच.

कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर हवा नाही, आम्ल नाही, मीठ नाही आणि लसणातलं पाणी तसंच, म्हणजे अडवणारं एकही कारण हजर नाही. तो फ्रिजमध्येच ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.