आठवीतलं ‘फाउंडेशन’ कुठून आलं?

इंजिनिअरिंगची जेईई आणि मेडिकलची नीट या प्रवेश परीक्षांची तयारी शाळेत असतानाच करून घेणाऱ्या क्लासला ‘फाउंडेशन’ म्हणतात, आणि ते मोबाइलवरच्या क्लासमुळे आलं असं अनेकदा मानलं जातं. आपल्याकडे मूल अकरावीत गेलं की ‘कॉलेजला लागलं’ म्हणतात, खरा पदवीचा प्रवेश मात्र त्यानंतर दोन वर्षांनी. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, जुनी अकरावीची मॅट्रिक गेली आणि ही मधली दोन वर्षं तयार झाली. पुढची बरीच वर्षं तयारी याच दोन वर्षांत मावत होती. त्यातही अकरावी ‘विश्रांतीचं वर्ष’ मानली जाई. मेडिकल असो वा इंजिनिअरिंग, बारावीच्या ग्रुपचे मार्क, म्हणजे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) किंवा पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी), एवढ्यावर सगळं ठरायचं. लातूरचं नाव राज्यभर झालं तेही बारावीच्या निकालांमुळेच. शाळेतल्या मुलाच्या वाट्याला चौथी-सातवीची स्कॉलरशिप आणि फार तर नववीनंतरच्या सुट्टीतली दहावीची व्हेकेशन बॅच यायची. कॉलेजच्या प्रवेशाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आल्यावरही चित्र फारसं बदललं नाही. ती प्रामुख्याने बारावीच्याच पुस्तकावर होती, त्यामुळे तयारी बारावीच्या वर्षातच राहिली. ती खाली सरकू लागली २००६ पासून. त्या वर्षीच्या निर्णयाबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून तो इथे जरा सविस्तर.

२००० ते २००५ या काळात आयआयटीची जेईई दोन टप्प्यांत होती. आधी चाळणी परीक्षा, मग मुख्य परीक्षा. मुख्य परीक्षेत प्रत्येक उत्तर पूर्ण सोडवून दाखवावं लागे. २००६ मध्ये तीन बदल एकदम आले. परीक्षा एकाच टप्प्याची आणि पूर्ण ऑब्जेक्टिव्ह झाली. खुल्या प्रवर्गासाठी बारावीला किमान ६० टक्क्यांची अट आली. आणि परीक्षेला बसायची संधी फक्त दोनदा मिळणार असं ठरलं, बारावीच्या वर्षी आणि लगेच पुढच्या वर्षी. क्लासचं वेड कमी व्हावं, मुलांनी वर्षानुवर्षं ड्रॉप घेत राहू नये आणि बारावीला पुन्हा किंमत यावी, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला.

हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. दोन-तीन वर्षं घरदार सोडून परगावी राहणारी मुलं तेव्हा होतीच आणि त्यांची ओढाताण खरी होती. पण हिशेब साधा होता. बारावीनंतरची वर्षं कापली तर ती वर्षं बारावीच्या आधी शोधली जाणार. पूर्वी मुलगा दोनदा रिपीट करून जे साधायचा, ते आता आईवडील नववीपासून साधू लागले. ऑब्जेक्टिव्ह स्वरूपाने त्याला आणखी बळ दिलं. पूर्ण उत्तर लिहायला समज लागते, चार पर्यायांतून दीड-दोन मिनिटांत अचूक निवडायला त्याशिवाय वेग लागतो. आणि वेग सरावाने येतो, तो लवकर सुरू करता येतो. शिकवणी विकायला यापेक्षा सोयीचा मुद्दा सापडला नसता.

त्याच सुमारास, २००६-०७ पासून, राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा दहावीवरून आठवीवर आणली गेली. प्रवेशाशी तिचा संबंध नव्हता, शिष्यवृत्तीची परीक्षा होती. पण आठवीच्या मुलाची देशपातळीवर तुलना करायचं साधन त्यामुळे मिळालं आणि ‘फाउंडेशन’च्या माहितीपत्रकांत ती मानाने मिरवू लागली. २०१२-१३ च्या सुमारास ती परत दहावीवर गेली, आठवीचे वर्ग मात्र राहिले. जेईईचा आणि प्रज्ञाशोधाचा, हे दोन्ही निर्णय वेगवेगळ्या संस्थांचे. माझ्या मते आजच्या फाउंडेशनचा पाया या दोन्हींच्या जोडीने घातला गेला, मोबाइलवरच्या क्लासने नव्हे.

पुढचा काळ गोंधळाचा. २०१३ मध्ये जेईई मेन (एनआयटीसारख्या कॉलेजांची परीक्षा; आयआयटीसाठी त्यापुढे जेईई ॲडव्हान्स्ड) हिच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन मिळालं, २०१७ पासून ते काढलं गेलं. महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ मध्ये इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर दिले आणि २०१६ मध्ये पुन्हा सीईटी आणली. नीट मे २०१३ मध्ये झाली, जुलैत सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली आणि एप्रिल २०१६ मध्ये परत आली. त्या वर्षी आपल्या मुलांनी ५ मे रोजी सीईटी दिली होती, शेवटी राज्याच्या जागांना त्या वर्षापुरती नीटमधून सूट देणारा अध्यादेश निघाला म्हणून त्यांचं वर्ष वाचलं. पण त्या महिनाभराच्या धास्तीतून पालकांनी एक गोष्ट कायमची लक्षात ठेवली: नीटमध्ये अकरावी आणि बारावी दोन्ही आहेत, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि राज्याच्या पुस्तकापुरता अभ्यास धोक्याचा. अकरावीचं ‘विश्रांतीचं वर्ष’ तिथेच संपलं. अकरावीत उशीर नको म्हणून नववी-दहावी आणि नववी-दहावी जड जाऊ नये म्हणून आठवी, अशी पायरी खाली येत गेली.

त्याच २०१६-१७ मध्ये आपली स्कॉलरशिप पाचवी आणि आठवीला नेली गेली. आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण तेव्हा होतंच. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर विश्वास नसलेल्या पालकाला बाहेरच्या टेस्ट सिरीजचा आकडा जवळचा वाटू लागला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

जून २०१८ मध्ये राज्याने विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. रोख ‘इंटिग्रेटेड’ टाय-अपवर होता, म्हणजे नाव कॉलेजात आणि मूल क्लासमध्ये. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या: १६ वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा. अक्षरशः पाळल्या तर आठवीचं फाउंडेशन बंदच व्हायला हवं. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे, अंमल राज्यांकडे. शिवाय तोच वर्ग शाळेच्या वेळापत्रकात, शाळेच्याच इमारतीत घेतला तर त्याला कोचिंग म्हणायचं का, हा पेच उरतोच.

आणि २००६ ची ती दोन संधींची अट? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी जेईई ॲडव्हान्स्डसाठी ती तीन केली गेली आणि १८ नोव्हेंबरला पुन्हा दोनवर आणली गेली. त्या तेरा दिवसांत तिसऱ्या संधीच्या भरवशावर कॉलेज सोडलेल्या मुलांना जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेला बसू दिलं. बाकीच्यांसाठी संधी आजही दोनच आहेत.